सिंहिणीने पट्टे खाली ठेवले

१० जून २०२३. कॅनडातलं व्हँकुव्हर शहर. आठ कोनांच्या, जाळीने वेढलेल्या पिंजऱ्यात दोन बायका पंचवीस मिनिटं लढल्या. एक मेक्सिकोची आयरीन अल्डाना आणि दुसरी ब्राझीलची अमांडा नुनेस. लढत संपली तेव्हा तिन्ही पंचांनी पाचही फेऱ्या अमांडाच्या नावावर लिहिल्या होत्या. मग तिने हातातले मोजे काढले, जमिनीवर ठेवले. विजेतेपदाचे दोन सोनेरी पट्टे शेजारी ठेवले. माईक हाती आल्यावर तिने सांगितलं की आता बस, मी निवृत्त होतेय. आई किती दिवसांपासून हेच म्हणतेय, तिला आता माझ्या लढती बघवत नाहीत, असंही ती म्हणाली. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती.

हरून, दुखापतीने किंवा कोणी बाहेर काढलं म्हणून जाणारे खेळाडू पुष्कळ असतात. जिंकलेल्या रात्री, दोन्ही पट्टे आपल्याकडे असताना, स्वतःच्या तोंडाने ‘पुरे’ म्हणणारी विरळाच. म्हणून ही बाई माझ्या मनात घर करून बसलीय.

आता काही मैत्रिणी म्हणतील, ‘अगं, महिला पुरवणीत हे मारामारीचं काय काढलंस?’ तुमचं बरोबर आहे. मलाही हा खेळ बघताना आधी डोळ्यांवर हात ठेवावासा वाटायचा. रक्त निघतं, डोळे सुजतात. पण आमच्या मंडळातर्फे शाळेच्या हॉलमध्ये मुलींचा कराटेचा वर्ग चालतो. तिथल्या पोरींनी मला या बाईचं नाव सांगितलं आणि मी तिच्याबद्दल वाचत गेले, बघत गेले. तेव्हा लक्षात आलं, ही नुसती मारामारी नाही. यात एक आई आहे, एक लहान गाव आहे, बायकांना उशिरा उघडलेलं दार आहे. आणि ‘सर्वांत मोठं कोण’ हा प्रश्न बायकांच्या बाबतीत कसा विचारला जातो, तेही यात आहे.

खेळ थोडक्यात

या खेळाचं नाव मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे मिश्र युद्धकला. बॉक्सिंगचे ठोसे, कराटेच्या लाथा, कुस्तीचे डाव आणि जुजुत्सूची पकड, सगळं एकत्र. एक फेरी पाच मिनिटांची. साधी लढत तीन फेऱ्यांची, विजेतेपदाची पाच फेऱ्यांची. समोरचीला जमिनीवर पाडून गळ्याला विळखा घातला किंवा हात पिरगाळला, की तिने हाताने थोपटून ‘हरले’ म्हणायचं. नाहीतर रेफरी लढत थांबवतो, किंवा शेवटी पंच गुण मोजतात. फेरी जिंकणारीला दहा आणि हरणारीला सहसा नऊ, फारच मार खाल्ला तर आठ. अमांडाच्या शेवटच्या लढतीत गुण होते ५०-४४, ५०-४४ आणि ५०-४३. म्हणजे शाळेच्या भाषेत सांगायचं तर एकीला पैकीच्या पैकी.

यातली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे अमेरिकेतली यूएफसी. अमांडा तिथे दोन वजनगटांत खेळली, ६१ किलोच्या आसपासचा बँटमवेट आणि ६६ किलोच्या आसपासचा फेदरवेट. दोन्ही गटांचं विजेतेपद एकाच वेळी मिळवणारी ती यूएफसीतली पहिली स्त्री.

पोजुकाची पोर

अमांडाचा जन्म ३० मे १९८८ चा. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या पोजुका नावाच्या लहान गावात ती वाढली. आईवडील वेगळे झाले तेव्हा ती चार वर्षांची होती. आई इवेते हिने एकापेक्षा जास्त कामं करून तीन मुलींना मोठं केलं. तिघींत धाकटी अमांडा, आणि ती अंगात वारं भरल्यासारखी. ही ताकद कुठेतरी खर्च व्हावी म्हणून लहानपणी कराटे, सोळाव्या वर्षी बॉक्सिंग. मग बहिणीच्या नादाने जुजुत्सू. फुटबॉलही छान खेळायची. पण शाळा सोडून फुटबॉल नको, असं आईने ठणकावलं होतं.

घरात लढण्याचं वावडं नव्हतं. आई स्वतः बॉक्सिंग शिकलेली, मामा ब्राझीलमधल्या ‘वाले तुदो’ या मोकळ्या लढतींत उतरलेला. पण घरात चालणं वेगळं आणि देशात चालणं वेगळं. ब्राझीलमध्ये १९४१ साली सरकारने हुकूम काढला होता, की स्त्रीच्या ‘प्रकृतीला न मानवणारे’ खेळ बायकांनी खेळायचे नाहीत. १९६५ मध्ये तर यादीच करून दिली. त्या यादीत फुटबॉल होता आणि कुठल्याही प्रकारची झुंज होती. ही बंदी उठली १९७९ मध्ये. अमांडा जन्मली त्याच्या नऊच वर्षांनी. म्हणजे ती ज्या पिढीत वाढली तिच्या आयांनी बंदी पाहिलेली होती.

पुढे ती साल्वादोर या मोठ्या शहरात शिकायला गेली. पैसे नव्हते, तर तालमीतच राहायची आणि तिथल्याच गादीवर झोपायची. तिचं टोपणनाव पडलं ‘लेओआ’, पोर्तुगीज भाषेत सिंहीण. मग अमेरिका गाठली. आधी न्यू जर्सी, मग फ्लोरिडा. भाषा येत नाही, ओळख नाही, रोजची तालीम मात्र चुकवायची नाही.

आणि सुरुवात काही सोन्याची नव्हती बरं का! २००८ मध्ये पहिलीच व्यावसायिक लढत ती पहिल्याच फेरीत हरली. पुढच्या सहा वर्षांत आणखी तीनदा हरली. २०१४ मध्ये कॅट झिंगानोविरुद्ध पहिली फेरी तिने गाजवली, मग दमली, आणि तिसऱ्या फेरीत मार खाऊन हरली. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, ‘ही पहिल्या पाच मिनिटांची. वादळासारखी येते आणि मग संपते.’ हा शिक्का पुसायला तिला काही वर्षं लागली. पण पुसला. २०१५ पासून पुढच्या सलग बारा लढती तिने जिंकल्या.

जिंकलेली मागे, हरलेली पुढे

या बारा लढतींतल्या दोनतीन सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

९ जुलै २०१६ ला लास व्हेगासमध्ये तिने मिशा टेटला पहिल्या फेरीतच मागून गळ्याला विळखा घालून हरवलं आणि बँटमवेटचं विजेतेपद घेतलं. उघडपणे समलिंगी असलेली ती यूएफसीची पहिली विजेती. तिची जोडीदार नीना हीही याच खेळातली. दोघींनी ते लपवलं नाही आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. साधेपणाने संसार मांडला.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला समोर होती रोंडा राउझी. रोंडा म्हणजे या खेळातली पहिली मोठी स्त्री तारका. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं कांस्यपदक मिळवलेली, सिनेमात दिसलेली. आदल्या वर्षी ती हॉली होमकडून हरली होती आणि आता परत येत होती. जाहिरात सगळी रोंडाची. विजेती अमांडा, पण जाहिरातीत ती कुठेतरी कोपऱ्यात. लढत चालली अठ्ठेचाळीस सेकंद. ठोशांमागून ठोसे, आणि रेफरीने थांबवली. नंतर नेवाडाच्या क्रीडा आयोगाने मानधनाचे आकडे जाहीर केले. हरलेल्या रोंडाला तीस लाख डॉलर. जिंकलेल्या अमांडाला जिंकल्याच्या बक्षिसासह दोन लाख.

मी हा आकडा आमच्या मंडळात सांगितला तेव्हा एक बाई पटकन म्हणाली, ‘म्हणजे राबणारी वेगळी आणि नाव होणारी वेगळी, हे तिकडेही आहे तर!’ यावर मी आणखी काय बोलणार?

दुसरी गोष्ट २०१७ ची. जुलैमध्ये व्हॅलेंटिना शेवचेंकोशी लढत ठरलेली. त्याच दिवशी सायनसचा त्रास उफाळला आणि अमांडाने माघार घेतली. डॉक्टरांनी लढायला हरकत नाही असं सांगितलं होतं, पण तिला श्वासच घेता येत नव्हता. कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट चारचौघांत चिडले. प्रेक्षकांनी नावं ठेवली. ‘डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, मग हिला काय होतंय?’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय, हात वर करा! अमांडाने फार वाद घातला नाही. दोन महिन्यांनी, ९ सप्टेंबरला, त्याच व्हॅलेंटिनाशी पूर्ण पाच फेऱ्या लढली आणि जिंकली. पाच मिनिटांनी संपते म्हणणारे त्या दिवशी गप्प झाले असतील.

तिसरी गोष्ट २९ डिसेंबर २०१८ ची. क्रिस सायबॉर्ग ही ब्राझीलचीच, वरच्या वजनगटातली. २००५ मध्ये पहिली लढत हरल्यानंतर तेरा वर्षं तिला कोणी हरवलेलं नव्हतं. तिच्याशी लढायला बायका बिचकायच्या. अमांडाने स्वतःहून मागणी केली, स्वतःचा गट सोडून वर गेली आणि एक्कावन्न सेकंदांत सायबॉर्गला आडवं केलं. दुसरा पट्टा कमरेला बांधला. पुढे २०१९, २०२० आणि २०२१ अशी तीन वर्षं तिने दोन्ही पट्टे राखले. एकाच वेळी दोन विजेतेपदं हाती ठेवून दोन्ही राखणारं यूएफसीत तिच्याआधी कोणी नव्हतं, अगदी पुरुषांतसुद्धा.

यादी कोणाची?

आता येते मुख्य मुद्द्यावर. ती निवृत्त झाल्यावर जगभर एकच चर्चा सुरू झाली. सर्वकालीन क्रमवारीत तिला कितवा नंबर द्यायचा?

माझ्या मुलाचे मित्र आमच्याकडे चहाला जमले की असल्या याद्या रंगतात. एक म्हणतो जॉर्जेस सेंट-पिएर, दुसरा जॉन जोन्स, तिसरा अँडरसन सिल्वा, चौथा रशियाचा फेडर. खबीब नुरमागोमेदोवचं नाव घेताना तर सगळ्यांचा आवाज चढतो, एकोणतीस लढती, एकही हार नाही! मी कपबशा उचलता उचलता विचारलं, ‘अरे, आणि अमांडा?’ तर उत्तर आलं, ‘काकू, ती बायकांत एक नंबर. बायकांची यादी वेगळी.’

‘बायकांत एक नंबर’ हे कौतुकच आहे, नाही कसं म्हणू? पण ते म्हणताना दार हळूच ओढून घेतलं जातं. म्हणून मी मुलांना म्हटलं, चला, तुमच्याच निकषांवर मोजू.

पहिला निकष, हरवलं कोणाला? अमांडाच्या आधी यूएफसीच्या बँटमवेट गटात तीन विजेत्या होत्या, रोंडा राउझी, हॉली होम आणि मिशा टेट. फेदरवेटमध्ये दोन, जर्मेन द रँडामी आणि सायबॉर्ग. पाचहीजणींना अमांडाने हरवलं. हॉली होमने ज्या प्रकारच्या लाथेने रोंडाला झोपवलं होतं, तशाच डोक्यावरच्या लाथेने अमांडाने होमला पहिल्या फेरीत खाली आणलं. व्हॅलेंटिना शेवचेंको पुढे खालच्या गटात विजेती झाली आणि तिने सलग सात वेळा विजेतेपद राखलं. तिलाही अमांडाने दोनदा हरवलं होतं. रॅकेल पेनिंग्टन २०२४ मध्ये विजेती झाली. तिला अमांडाने २०१८ मध्येच हरवलेलं. असा हिशेब पुरुषांच्या यादीतही फार थोड्यांकडे निघेल.

दुसरा निकष, किती काळ? २०१६ ते २०२१, पाच वर्षांहून अधिक काळ बँटमवेटचं विजेतेपद, आणि २०१८ पासून दुसरा गटही. विजेतेपदाच्या अकरा लढती जिंकल्या.

इथे मुलांनी आक्षेप काढले, आणि ते खोटे नव्हते. एक म्हणजे फेदरवेट गटात लढणाऱ्या बायकाच मूठभर होत्या. यूएफसीने त्या गटाची क्रमवारीसुद्धा कधी लावली नाही. हे खरं आहे. दुसरा आक्षेप, रोंडा तिच्याशी लढली तेव्हा उतरणीला लागली होती. हेही काहीसं खरं. तिसरा, व्हॅलेंटिनाशी झालेली दुसरी लढत इतकी अटीतटीची होती की तीन पंचांपैकी एकाने ती व्हॅलेंटिनाला दिली होती. अगदी मान्य. व्हॅलेंटिनाला पहिला नंबर देणाऱ्याशी मी भांडणार नाही. पण समोरासमोर दोन वेळा कोण जिंकलं, हे विसरून चालणार नाही.

मात्र ‘बायकांत स्पर्धाच कमी होती’ या वाक्याशी मला थोडं थांबावंसं वाटतं. यूएफसी सुरू झाली १९९३ मध्ये. २०११ पर्यंत डेना व्हाइट सांगत होते, इथे बायका कधीच लढणार नाहीत. बायकांची पहिली लढत झाली २३ फेब्रुवारी २०१३ ला. वीस वर्षं दार बंद, आणि उघडल्यावर म्हणायचं की आत गर्दी दिसत नाही! एखाद्या गावात मुलींची शाळा उशिरा सुरू झाली आणि पहिल्या वर्गात दहाच पोरी बसल्या, तर त्यातून पहिली आलेल्या मुलीचे गुण आपण कमी करतो का? पेपर तर तोच होता ना!

मुलांनी माझं सगळं ऐकलं असं नाही. एकाने तिला पहिल्या दहांत घेतलं, एकाने पाचांत, आणि खबीबवाला काही हलला नाही. असू दे. नंबर कितवा यावर वाद होतच राहतील, तो खेळाचाच भाग आहे. पण यादी एकच असायला हवी, इतकं मात्र त्या दिवशी ठरलं.

हारही मोजा

क्रमवारी लावणारे हारीला वजा खूण लावतात. खबीबला एकही हार नाही, अमांडाला पाच. मला वाटतं, तिची पाचवी हार तिच्या जमेच्या बाजूलाच मांडावी.

११ डिसेंबर २०२१. समोर ज्युलियाना पेन्या. कोणी तिला जिंकायची संधी दिली नव्हती. दुसऱ्या फेरीत अमांडा थकली, पेन्याने मागून गळ्याला विळखा घातला आणि अमांडाने थोपटून हार मानली. सगळं जग थक्क झालं. पेन्याही एका मुलीची आई, तिच्या जिद्दीचंही कौतुक करायलाच हवं.

त्यानंतर अमांडाने काय केलं? इतकी वर्षं जिथे शिकली ती मोठी तालीम सोडून स्वतःची छोटी तालीम उभी केली. स्वतःची माणसं निवडली. सात महिन्यांनी, ३० जुलै २०२२ ला, पुन्हा पेन्यासमोर उभी राहिली. तिने या वेळी नुसती धडक मारली नाही. उभं राहायची पद्धत बदलली, पेन्या अंगावर आली की बाजूला सरून ठोसा लावायचा. दुसऱ्या फेरीत पेन्या तीनदा खाली पडली. पाचही फेऱ्या अमांडाच्या. गुण ५०-४५, ५०-४४, ५०-४३. चौतिसाव्या वर्षी, सगळं मिळवून झाल्यावर, नव्याने शिकायला बसणं सोपं नसतं. ज्यांनी लग्नानंतर पंधरा वर्षांनी शिवणाचा किंवा संगणकाचा वर्ग लावलाय त्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

आईचं ‘पुरे’

सप्टेंबर २०२० मध्ये अमांडा आणि नीना यांना मुलगी झाली, रेगन. जन्म नीनाने दिला. बाळंतपणानंतर नीनाही पुन्हा लढली आणि २०२२ मध्ये तिने मोजे ठेवले. वर्षभरात अमांडाने ठेवले. व्हँकुव्हरच्या त्या रात्री नीना आणि अडीच वर्षांची रेगन पिंजऱ्यात तिच्याजवळ होत्या.

आईच्या शब्दासाठी थांबणारी ती एकटी नाही. खबीबनेही ऑक्टोबर २०२० मध्ये जिंकून निवृत्ती घेतली. त्याचे वडील, जे त्याचे गुरूही होते, काही महिन्यांपूर्वीच वारले होते. त्यांच्याशिवाय लढणार नाही, असा शब्द त्याने आईला दिला होता. जगातले इतके कणखर लढवय्ये, पण आईपुढे मऊ.

इथे मला आमच्या कराटे वर्गाचं सांगायचंय. दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमाराला दोनतीन आया माझ्याकडे येतात. ‘ताई, पुढच्या महिन्यापासून नाही पाठवत. आता मोठी झाली. उद्या लग्नाचं बघायचं, हातपाय मोडला तर?’ त्या वाईट नसतात हो. काळजीच असते. इवेतेलाही तीच काळजी असणार. लेक मार खातेय, रक्त येतंय, आणि आपण खुर्चीत बसून बघायचं!

पण दोन्ही ‘पुरे’मध्ये फरक आहे. इवेते ‘पुरे’ म्हणाली ती लेक पंधरा वर्षं लढून झाल्यावर, अठ्ठावीस लढती खेळून तेवीस जिंकल्यावर. आणि म्हणाली तरी निर्णय लेकीवर सोडला. आमच्याकडचं ‘पुरे’ मात्र पिवळा पट्टा मिळायच्या आधीच येतं. निवृत्त व्हायला आधी सुरुवात करू द्यावी लागते ना? ज्या मुलीला खेळू दिलं नाही ती थांबली असं कसं म्हणायचं? तिला तर निघूच दिलं नाही.

मी कोणाच्या आईला उपदेश करत नाही. एवढंच विचारते, ‘अजून एक वर्ष राहू द्या. मग तिलाच विचारू.’ कधी आई तयार होते, कधी नाही. मागच्या वर्षी एकीने मान डोलावली आणि तिची मुलगी अजून येते. ती पुढे काय करेल मला माहीत नाही. कदाचित दहावीनंतर सोडेलही. पण सोडेल ती स्वतः.

मागे काय राहिलं?

अमांडा गेल्यावर तिचे दोन्ही पट्टे रिकामे झाले. फेदरवेटचा गट तर कंपनीने पुढे चालवलाच नाही. तिच्याविना त्यात काही उरलं नव्हतं, हा मोठेपणाही आहे आणि थोडी खंतही. वरच्या वजनाच्या बायकांना ती एक वाट बंद झाली. बँटमवेटचा पट्टा दीड-दोन वर्षांत तीन हातांत फिरला, आधी पेनिंग्टन, मग पेन्या. जून २०२५ मध्ये तो केयला हॅरिसनकडे गेला. केयलाकडे ज्युदोची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत, २०१२ आणि २०१६ ची.

त्याच २०२५ मध्ये अमांडाला यूएफसीच्या सन्मानदालनात जागा मिळाली. आणि तिने पुन्हा उतरायचंही ठरवलं! केयलाशी लढत ठरली २४ जानेवारी २०२६ ला. पण केयलाच्या मानेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि ती लढत रद्द झाली. ‘मग निवृत्ती कसली?’ असं काहींनी विचारलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. थांबणं तिचं होतं, परत यावंसं वाटणंही तिचंच. २०२३ च्या त्या रात्रीपर्यंतचा हिशेब पुढे काहीही झालं तरी पुसला जाणार नाही.

खरा वारसा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाना गावची पूजा तोमर यूएफसीत लढली आणि जिंकली. तिथे लढत जिंकणारी ती पहिली भारतीय, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही धरून. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही की बायकांची यादी वेगळी. यादी एकच होती आणि तिच्यात पहिलं नाव पूजाचं होतं.

तर मैत्रिणींनो, अमांडा नुनेसला कितवा नंबर द्यायचा ते तुम्ही ठरवा. मी तिला पहिल्या पाचांत धरते, आणि माझी बाजू मांडायला मी केव्हाही तयार आहे. पण एक विनंती आहे. घरात खेळांच्या गप्पा निघाल्या, पोरांनी ‘सर्वांत भारी कोण’ म्हणून नावं घ्यायला सुरुवात केली, की आपण गप्प बसायचं नाही. आपणही एक नाव सांगायचं, कशासाठी ते पटवून द्यायचं. आणि आपली लेक जवळपास असेल तर आवाज जरा मोठाच ठेवायचा, तिला ऐकू जाईल इतका.